खाडीकाठच्या गावाला फायरबोट हवी असेल तर

न्यू जर्सीत खाडीकाठच्या एका लहान गावात राहणारे, दिवसा नोकरी करून रात्री-अपरात्री स्वयंसेवक अग्निशामक म्हणून धावून जाणारे एक मराठी गृहस्थ विचारतात: आमच्या गावाची लोकसंख्या १८,००० च्या आसपास आहे. कंटेनरची प्रचंड जहाजे आमच्या डोळ्यांदेखत बंदराकडे जातात आणि आमच्या दलाकडे मात्र ॲल्युमिनियमची एक जुनी होडी आहे. गावच्या काउन्सिलमध्ये कोणीतरी सांगितले की बंदरांच्या सुरक्षेसाठी वॉशिंग्टनहून अनुदान मिळते आणि त्यातून फायरबोट फुकट येते. हे खरे आहे का, गावाला स्वतःचे किती पैसे घालावे लागतील, आणि सुरुवात कुठून करावी?

अनुदान आहे, हे खरे. ते फुकट नाही, आणि तुमच्या गावाला पहिली गरज फायरबोटीचीच आहे की नाही, याविषयी मला शंका आहे. मी गेली अठरा वर्षे पूर्व किनाऱ्यावरील एका शहराच्या आपत्ती व्यवस्थापन खात्यात फेडरल अनुदानांचे काम पाहतो. अर्ज लिहिणे, मंजूर झालेला पैसा नियमाप्रमाणे खर्च करवून घेणे आणि लेखापरीक्षक आले की फायली घेऊन त्यांच्यासमोर बसणे, एवढाच माझा धंदा. तेव्हा पुढचे उत्तर कारकुनाच्या नजरेतून लिहिलेले आहे, असे समजून वाचावे.

ज्या अनुदानाविषयी तुमच्या काउन्सिलमध्ये बोलणे झाले, ते पोर्ट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्राम होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानतळांकडे सर्वांचे लक्ष गेले, पण बंदरे जवळजवळ उघडीच आहेत, हेही त्याच सुमारास काँग्रेसच्या ध्यानात आले. नोव्हेंबर २००२ मध्ये मेरिटाइम ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲक्ट झाला. या कायद्याने बंदरातील टर्मिनले, तेलाच्या टाक्यांची आवारे आणि जहाजे यांच्यावर सुरक्षा आराखडे करण्याची सक्ती केली, आणि त्या सक्तीचा भार हलका करण्यासाठी अनुदानाची सोय ठेवली. सुरुवातीच्या वर्षांत पैसा इतक्या ठिकाणी थोडा थोडा वाटला गेला की होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच महानिरीक्षकाने २००५ मध्ये त्यावर कडक टीका केली. पुढे दुबई पोर्ट्स वर्ल्ड या कंपनीकडे अमेरिकी टर्मिनलांचा कारभार जाण्यावरून २००६ मध्ये मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सेफ पोर्ट ॲक्टने अनुदानाची वाटणी जोखमीशी अधिक घट्ट बांधली. आज हा कार्यक्रम फेमा, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाची फेडरल संस्था, चालवते आणि सागरी बाबींतला सल्ला कोस्ट गार्ड देते.

रकमेकडे पाहिले की अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. २००८ आणि २००९ या वर्षांत देशभरासाठी सुमारे ४० कोटी डॉलर होते, आणि २००९ च्या आर्थिक उभारी कायद्याने त्यात आणखी १५ कोटींची भर घातली होती. २०१२ मध्ये हा आकडा एकदम १० कोटींच्या खाली आला. २०१४ पासून २०२३ पर्यंत तो दरवर्षी १० कोटींवर स्थिर राहिला आणि २०२४ मध्ये ९ कोटी झाला. ही रक्कम लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, न्यू ऑर्लीन्स, न्यू यॉर्क-न्यू जर्सी अशी सगळी बंदरे मिळून आहे. न्यू यॉर्क अग्निशमन दलाची ‘थ्री फोर्टी थ्री’ ही १४० फुटी फायरबोट, जिचे नाव हल्ल्यात प्राण गमावलेल्या ३४३ अग्निशामकांच्या स्मरणार्थ ठेवले आहे आणि जी मिनिटाला ५०,००० गॅलन पाणी फेकू शकते, तिला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर लागले होते, आणि त्यातला मोठा वाटा फेडरल अनुदानाचा होता. ती २०१० साली सेवेत आली. तो काळ वेगळा होता. तेव्हापासून बोटींच्या किमती वाढत गेल्या आणि अनुदानाची थैली मात्र आक्रसली.

आता पात्रतेकडे वळतो, कारण बहुतेक लहान गावांचा अर्ज इथेच अडखळतो. हे अनुदान आग विझवण्यासाठी नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बंदरावरील दहशतवादी हल्ला रोखणे, त्याला तोंड देणे आणि त्यानंतर व्यवहार पूर्ववत करणे यासाठी आहे. तीच बोट उद्या बुडणाऱ्या मच्छीमाराला वाचवायला गेली तर कोणी हरकत घेत नाही, पण अर्जात तिचे पहिले काम सुरक्षेचे दिसले पाहिजे, आणि ते काम तुमच्या बंदरक्षेत्राच्या सागरी सुरक्षा आराखड्यात आधीपासून नोंदलेले असले पाहिजे. हा आराखडा एरिया मेरिटाइम सिक्युरिटी कमिटी तयार करते. कोस्ट गार्डचा त्या विभागातला प्रमुख, ज्याला कॅप्टन ऑफ द पोर्ट म्हणतात, तो तिच्या केंद्रस्थानी असतो. तुमच्या भागासाठी हे कार्यालय स्टेटन आयलंडवर आहे.

अर्ज फेमाकडे जातो हे खरे, पण पहिली चाळणी कॅप्टन ऑफ द पोर्टच्या हातात असते. आपल्या क्षेत्रातून आलेले प्रकल्प तो आणि त्याचे सहकारी क्रमाने लावतात. मग राष्ट्रीय पातळीवर परीक्षण होते, आणि शेवटी त्या बंदराला असलेला धोका, त्याच्या कच्च्या बाजू आणि हल्ला झालाच तर होणारे परिणाम यांचे माप त्या गुणांना लावले जाते. ज्या दलाचा प्रमुख या कमिटीच्या एकाही बैठकीला कधी गेलेला नाही, त्याचा अर्ज कितीही सुबक लिहिलेला असो, त्या टेबलावर तो अनोळखी पाहुण्यासारखा येतो. मी एका दलाला पहिली दोन वर्षे अर्जच करू दिला नव्हता. प्रमुखांना फक्त बैठकांना आणि सरावांना पाठवले. तिसऱ्या वर्षी त्यांचा प्रकल्प यादीत वर होता, कारण त्यांची उणीव काय आहे हे तोपर्यंत कोस्ट गार्डच स्वतःहून सांगू लागले होते.

अर्जाचा गाभा म्हणजे प्रकल्पाच्या समर्थनाचे टिपण. नवखा अर्जदार लिहितो: आमची बोट १९९४ ची आहे, इंजिन वारंवार बंद पडते, नवीन बोट मिळाल्यास नागरिकांची उत्तम सेवा करता येईल. हे सगळे खरे असते आणि त्याला गुण मिळत नाहीत. परीक्षकाला हवे असते ते असे: आराखड्यात अमुक टर्मिनलासमोरच्या घटनेला पाण्यावरून पोहोचण्याची जबाबदारी आमच्याकडे आहे, सर्वांत जवळची सज्ज बोट तिथून इतक्या मैलांवर आहे, मागच्या सरावात तिला पोहोचायला इतकी मिनिटे लागली आणि सरावानंतरच्या अहवालात ही उणीव नोंदवलेली आहे, नव्या बोटीने ती अशी भरून निघेल, आणि शेजारच्या या-या दलांना ती मागणीप्रमाणे मिळेल. एकाच बोटीची ही दोन वर्णने आहेत. दुसरे लिहायला कमिटीच्या बैठकांची दोन वर्षे लागतात.

पैशाच्या हिशेबात एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती सविस्तर सांगतो. सरकारी संस्थेने एकूण प्रकल्प खर्चाच्या किमान २५ टक्के रक्कम स्वतः घालायची असते. खासगी कंपन्यांना ५० टक्के घालावे लागतात. समजा काउन्सिलचा खजिनदार म्हणतो, फेडरल सरकारकडे ६ लाख डॉलर मागू, त्याचे २५ टक्के म्हणजे दीड लाख आपण घालू, आणि साडेसात लाखांची बोट घेऊ. हे चुकले. पंचवीस टक्के एकूण खर्चाचे आहेत. सहा लाख हा पंचाहत्तर टक्के वाटा असेल तर एकूण खर्च आठ लाख होतो आणि गावाचा वाटा दोन लाख. म्हणजेच फेडरल रकमेच्या एक तृतीयांश रक्कम गावाने उभी करायची. अर्जात हा फरक राहिला तर मंजुरीच्या वेळी आकडे कमी-जास्त करावे लागतात आणि पन्नास हजार डॉलर कुठून आणायचे, यावर काउन्सिलमध्ये रात्री बारापर्यंत चर्चा चालते. गावाचा वाटा रोख किंवा सेवेच्या रूपात देता येतो, पण तोही अनुदानात बसणाऱ्याच खर्चाचा आणि कागदावर सिद्ध करता येणारा असावा लागतो, आणि तो दुसऱ्या फेडरल अनुदानातून आणता येत नाही. २५,००० डॉलरपर्यंतच्या प्रकल्पाला मात्र हा वाटा द्यावा लागत नाही. हे लहान कलम लक्षात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग आहे.

शस्त्रे आणि दारूगोळा यातून घेता येत नाही. कचेरीतले फर्निचर, टीव्ही, म्युझिक सिस्टीम असल्या सुखसोयीही चालत नाहीत. ही यादी नियमांत इतक्या तपशिलाने लिहिलेली आहे की पूर्वी कोणीतरी नक्कीच त्या मागितल्या असणार. नेहमीच्या शिबंदीचा पगारही यातून निघत नाही, आणि गावाच्या अंदाजपत्रकात आधीच असलेला खर्च काढून घेऊन त्या जागी अनुदान बसवणे, हे तर सरळ नियमभंगात मोडते.

पैसा मंजूर झाल्यावर साधारण ३६ महिन्यांची मुदत असते. ऐकायला ती भरपूर वाटते. प्रत्यक्षात पहिले काही महिने अटी स्वीकारण्यात, काउन्सिलचा ठराव करण्यात आणि खरेदीची निविदा काढण्यात जातात, बोट बांधायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते, आणि मध्ये एखादा पुरवठादार हात वर करतो. २००६ ते २०१० या काळात मंजूर झालेल्या अनुदानांपैकी सप्टेंबर २०११ पर्यंत जेमतेम चौथा हिस्सा उचलला गेला होता, असे काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने नोंदवले होते. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ आळस वाटेल. आत बसलेल्याला त्यात निविदा, परवानग्या आणि वाट्याची रक्कम यांच्या रांगा दिसतात.

परवानग्यांवरून आमच्या शहरात घडलेली एक गोष्ट सांगतो. धक्क्यावरच्या एका जुन्या विटांच्या गोदामावर सहा कॅमेरे बसवायचे होते. फेडरल पैशातून एखाद्या इमारतीत साधे भोक पाडायचे असले तरी त्याआधी पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तू यांच्या दृष्टीने फेमाची तपासणी पूर्ण व्हावी लागते. तो अर्ज आम्ही केला होता, उत्तर यायचे होते. एका शुक्रवारी कंत्राटदाराकडे माणसे मोकळी होती म्हणून त्याने काम उरकून टाकले. सोमवारी मी धक्क्यावर गेलो तेव्हा विटांची लाल भुकटी पायाखाली पडलेली होती आणि कॅमेरे व्यवस्थित चालू होते. काम उत्तम झाले होते. त्या बसवणीचा खर्च मात्र अनुदानातून मिळाला नाही, तो शहराच्या तिजोरीतून गेला, आणि चूक माझीच होती, कारण परवानगीपूर्वी भिंतीला हात लावायचा नाही, हे वाक्य मी कंत्राटात घातलेच नव्हते. त्या दिवसापासून ते पहिल्या पानावर असते.

खरेदीचेही तसेच. बोटी विकणारे विक्रेते फार मदतशील असतात. तपशिलाचा मसुदाही आम्हीच लिहून देतो, म्हणतात. फेडरल खरेदीच्या नियमांप्रमाणे ज्याने तपशील लिहिला त्याला त्या निविदेत भाग घेता येत नाही, आणि एकाच कंपनीचे नाव घालून ‘किंवा समतुल्य’ हे शब्द वगळणेही चालत नाही. कॅमेरे आणि रेडिओ घेताना आणखी एक सापळा आहे. २०१९ च्या संरक्षण अधिकार कायद्यातील कलम ८८९ मुळे हुआवे, झेडटीई, हिकव्हिजन, दाहुआ आणि हायटेरा या चिनी कंपन्यांच्या ठराविक उपकरणांवर ऑगस्ट २०२० पासून फेडरल अनुदान खर्च करता येत नाही. स्वस्त कॅमेऱ्यावर दुसऱ्याच ब्रँडचे नाव असते आणि आतला माल यांच्यापैकीच एखाद्याचा असतो, तेव्हा पुरवठादाराकडून लेखी हमी घ्यावी.

आता त्या शंकेकडे येतो, जी मी सुरुवातीला बोलून दाखवली.

५ जुलै २०२३ च्या रात्री, तुमच्या गावापासून फार दूर नसलेल्या पोर्ट न्यूअर्कमध्ये, ‘ग्रांदे कोस्ता दाव्होरिओ’ या इटालियन मालवाहू जहाजाला आग लागली. जहाजात पश्चिम आफ्रिकेकडे निघालेल्या सुमारे १,२०० जुन्या गाड्या होत्या. बंद पडलेल्या गाड्या आत ढकलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जीपने पेट घेतला आणि ती आग पसरली. न्यूअर्क अग्निशमन दलाचे दोन जवान जहाजात गेले आणि परत आले नाहीत. आग पूर्ण विझायला जवळजवळ सहा दिवस लागले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जी गोष्ट ठळकपणे पुढे आली ती ही, की जमिनीवरच्या आगी विझवण्यात तरबेज असलेल्या या जवानांना जहाजावरच्या आगीचे पुरेसे प्रशिक्षण नव्हते. त्याआधी जून २०२० मध्ये जॅक्सनव्हिलच्या बंदरात ‘होएग शियामेन’ या मोटारवाहू जहाजावर अशाच जुन्या गाड्यांमुळे आग लागून नऊ अग्निशामक जखमी झाले होते.

न्यूअर्कच्या बंदरात पाणी फेकणाऱ्या बोटी आल्या होत्या. जहाजाच्या बाहेरून पाणी मारता येते, पोलाद थंड ठेवता येते, पण आग आतल्या डेकवर असते, आणि तिथे जाणाऱ्या माणसाला जहाज म्हणजे काय हे माहीत असावे लागते. घराला खिडक्या असतात, छप्पर फोडून धूर बाहेर काढता येतो. जहाज ही पोलादी पेटी आहे. धूर जिन्यातूनच वर येतो, म्हणजे ज्या वाटेने जवान आत उतरतो, तीच वाट धुराड्याचे काम करते. वरच्या डेकवर पाणी साचले तर जहाज कलंडू शकते. कार्बन डायऑक्साइड सोडून आग गुदमरवण्याची यंत्रणा चालवली असेल, तर दार उघडून आत जाणे म्हणजे तिला पुन्हा हवा देणे. हे सगळे वर्गात आणि सरावाच्या जहाजावर शिकता येते, आणि हे शिकण्याचा खर्च फायरबोटीच्या तुलनेत किरकोळ आहे.

या संदर्भात एक वस्तू मी प्रत्येक दलप्रमुखाला हातात धरून दाखवतो. तिला इंटरनॅशनल शोअर कनेक्शन म्हणतात. ताटलीएवढी, १७८ मिलिमीटर व्यासाची पोलादी किंवा पितळी चकती, तिला चार खाचा आणि त्यांत बसणारे चार नट-बोल्ट. जगातल्या कोणत्याही मोठ्या व्यापारी जहाजावर तिची जोडीदार चकती ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या चकतीच्या एका बाजूला तुमच्या होजची अमेरिकी आटी असते आणि दुसरी बाजू जहाजाच्या चकतीला बोल्टने आवळायची, की किनाऱ्यावरचे पाणी थेट जहाजाच्या आतल्या आगविरोधी नळांत जाते. जहाज इटलीचे असो, लायबेरियाचे असो वा आपल्या मुंबईतून आलेले असो, माप तेच. ही चकती काही शे डॉलरांत मिळते. मी आजवर भेट दिलेल्या किती ठाण्यांत ती गाडीवर होती, हे सांगायला एका हाताची बोटे पुरतील. एका ठाण्यात ती होती, पण पेपरवेट म्हणून.

म्हणून माझे मत असे की तुमच्या गावाने पहिला अर्ज बोटीचा करू नये. वर सांगितलेले २५,००० डॉलरचे कलम आठवा. जहाजावरील आगीच्या प्रशिक्षणाचा एक लहान प्रकल्प, टर्मिनलाबरोबरचा एक संयुक्त सराव, अशा मागण्या प्रशिक्षण आणि सराव या मान्य सदरांत मांडता येतात, त्यांना वाट्याचे ओझे नसते आणि कमिटीत तुमच्या दलाची ओळख तयार होते. अर्थात हे प्रशिक्षणही सुरक्षेच्या भाषेत मांडावे लागेल. जहाजावर मुद्दाम लावलेली आग आणि अपघाताने लागलेली आग विझवण्याचे कौशल्य एकच असते, हे परीक्षकांनाही कळते.

दुसरा मार्ग अग्निशमन दलांसाठीच असलेल्या असिस्टन्स टू फायरफायटर्स ग्रँटचा. २००१ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाला दहशतवादाशी नाते जोडावे लागत नाही, आणि तुमच्यासारख्या दलाला तो अधिक मानवतो. लोकसंख्या २०,००० पर्यंत असेल तर गावाचा वाटा अनुदानाच्या फक्त ५ टक्के, त्यावर दहा लाखांपर्यंत १० टक्के आणि त्याहून मोठ्या शहरांना १५ टक्के. इथे टक्केवारी फेडरल रकमेवर मोजली जाते, एकूण खर्चावर नाही. एकाच फेमाच्या दोन कार्यक्रमांत दोन हिशेब का, हे मला विचारू नका. श्वसनयंत्रे, अंगावरचे संरक्षक कपडे, होज, रेडिओ, प्रशिक्षण यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. अर्ज तपासणाऱ्यांत स्वतः अग्निशामक असतात, त्यामुळे साधे, खरे लिहिलेले चालते. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून एकत्र अर्जही करता येतो. स्वयंसेवक गळत असतील तर सेफर या नावाच्या भावंड कार्यक्रमात भरती आणि ते टिकवण्यासाठी पैसा आहे, आणि त्या भागाला स्थानिक वाटाही लागत नाही.

पैशाचे इतर दोन मार्ग राज्याच्या मार्फत येतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या कचेऱ्या चालवण्यासाठी असलेल्या अनुदानाला निम्मा वाटा स्थानिक द्यावा लागतो. होमलँड सिक्युरिटीचे राज्य अनुदान आले की त्यातले किमान ८० टक्के ४५ दिवसांत स्थानिक संस्थांकडे वळवणे राज्याला बंधनकारक असते. तुमचा परगणा जर्सी सिटी-न्यूअर्क या शहरी सुरक्षा क्षेत्रात येत असेल, तर त्या क्षेत्राच्या कार्यगटात कोण बसतो, हे परगण्याच्या आपत्ती व्यवस्थापकाला विचारावे. बंदरांच्या धक्क्यांची, क्रेनची आणि रस्त्यांची कामे करणारे परिवहन खात्याचे बंदर विकास अनुदान पूर्णपणे वेगळे आहे. नावातल्या साधर्म्यामुळे दरवर्षी कोणीतरी तिकडे बोटीची मागणी घेऊन जातो.

अपघात घडून गेल्यावर येणारा पैसा वेगळ्याच खिशातून येतो, हेही इथेच सांगतो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे जहाज बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्यामुळे आपल्याकडेही ती बातमी पुष्कळ वाचली गेली. दोनच दिवसांत महामार्ग खात्याच्या आपत्कालीन निधीतून ६ कोटी डॉलर मेरिलँडला मंजूर झाले. बंदर सुरक्षा अनुदानाला असा वेग नाही, आणि त्याच्याकडून तो अपेक्षितही नाही. त्या रात्री पुलावरची वाहने वेळेत थांबवली गेली ती जहाजाने रेडिओवरून दिलेला संकटाचा इशारा पोलिसांपर्यंत मिनिटांत पोहोचला म्हणून. असे संपर्काचे धागे शांततेच्या काळात बांधावे लागतात, आणि ते बांधण्यासाठी कमिटीची बैठक ही सर्वांत स्वस्त जागा आहे.

तरीही तुमच्या काउन्सिलला बोटच हवी असेल, तर आधी ती पोसण्याचा हिशेब मांडा. माझा ठोकताळा असा की अशा बोटीवर दरवर्षी तिच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. आठ लाखांच्या बोटीला ऐंशी हजार धरा: इंधन, विमा, इंजिनाची देखभाल, हिवाळ्यात पाण्याबाहेर काढून ठेवणे, तळ घासून रंगवणे, आणि चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण. मुदत संपली की हे सगळे गावाच्या करातून जाते, आणि बोट विकून मोकळे होऊ म्हटले तरी तिच्यावर फेडरल सरकारचा हितसंबंध शिल्लक असतो, त्यामुळे फेमाला विचारावे लागते. दोन वर्षांतून एकदा तरी प्रत्यक्ष मोजदाद करून ती नोंदवहीत दाखवावी लागते. मी अलिबागच्या बाजूचा. २६/११ नंतर किनारी राज्यांना केंद्राकडून वेगवान गस्ती नौका मिळाल्या, आणि पुढे त्यांतल्या कितीतरी डिझेल, तांडेल आणि दुरुस्तीअभावी धक्क्याला बांधून राहिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. अमेरिकेतही मी ताडपत्रीखाली झाकलेल्या अशा बोटी पाहिल्या आहेत. त्यांच्या बाजूला अनुदानाचा उल्लेख असलेली पाटी चकचकीत असते आणि इंजिनाचे तास मोजणारे मीटर पुढे सरकलेले नसते.

अनुदानाची सूचना कधी निघेल याचा नेम नसतो. ती निघाली की अर्जासाठी हातात थोडेच आठवडे असतात. त्यामुळे जे आज करता येते ते आज करावे. फेडरल सरकारच्या सॅम या संकेतस्थळावर गावाची नोंदणी चालू आहे का, ते पाहा. ती दरवर्षी नूतनीकृत करावी लागते आणि ती संपलेली असेल तर कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. नोंदणीतले गावाचे नाव करखात्याकडच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. एका ठिकाणी ‘टाउनशिप’ पूर्ण लिहिलेले आणि दुसरीकडे त्याचे संक्षिप्त रूप, एवढ्यावरून एका दलाचे सहा आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. स्वयंसेवक दल वेगळी संस्था म्हणून नोंदलेले असेल तर अर्ज कोणी करायचा, दलाने की गावाने, हे गावच्या वकिलाला आत्ताच विचारून ठेवा. मग स्टेटन आयलंडला फोन करून कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि जाताना तुमच्या गावासमोरच्या पाण्याचा नकाशा आणि मागच्या पाच वर्षांत दलाला पाण्यावरून आलेल्या प्रत्येक हाकेची तारीख, वेळ आणि पोहोचायला लागलेली मिनिटे लिहिलेला एक कागद बरोबर न्या. तो कागद तयार नसेल, तर ठाण्याच्या नोंदवह्या काढून या शनिवारीच बसायला हरकत नाही.